एका सेकंदाचा अबोला

कला शाखेच्या विद्यार्थिनीने टेलिफोनवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटते. दहावीनंतर मी विज्ञानाचे पुस्तक मिटले ते मिटलेच. परंतु गेल्या वर्षी श्रावणात आमच्या घरी एक प्रसंग घडला आणि ते पुस्तक पुन्हा उघडणे भाग पडले. तो प्रसंग आधी सांगते. त्याशिवाय पुढचे सारे कोरडे वाटेल.

माझा थोरला भाऊ बोटीवर असतो. एका तेलवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये तो मोटरमन आहे. आठ-नऊ महिने समुद्रावर आणि मग दोन-तीन महिने घरी, असे त्याचे जिणे. रत्नागिरी जिल्ह्यात अशी घरे पुष्कळ. आमच्या वाडीतच चार आहेत. हल्ली जहाजावर इंटरनेट असते. कामाची पाळी संपली की दादा मोबाईलवरून इंटरनेटच्या मार्गाने घरी फोन करतो. आजी ओटीवर बसलेली असते. तिला कमी ऐकू येते म्हणून मी स्पीकर लावून फोन तिच्यापुढे धरते, आणि मग आंब्याच्या कलमांपासून शेजारच्या म्हशीपर्यंत सगळ्या बातम्या समुद्रावर जातात.

त्याच्या आदल्या वर्षी आमचे आजोबा गेले. दादा तेव्हा भर समुद्रात होता. त्याला येता आले नाही. आजीने त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. पण न काढलेला शब्द घरात कसा वावरत असतो, हे ज्यांनी अनुभवले असेल त्यांना वेगळे सांगायला नको.

तर श्रावणातल्या त्या संध्याकाळी आजीने दादाला विचारले, "गणपतीला येतोयस ना रे?"

पलीकडून आवाज नाही. एक क्षण गेला. आजीचा चेहरा उतरला. "नसेल जमत तर राहू दे हो," ती म्हणाली. ती बोलत असतानाच फोनमधून काहीतरी तुटक ऐकू आले, ते आम्हाला कळले नाही. मग थोडी शांतता, आणि मग दादाचा पडलेला आवाज: "बरं. बघतो."

फोन ठेवल्यावर आजी म्हणाली, "बघितलंस? उत्तर द्यायला अडखळला तो. मनात नाहीच यायचं त्याच्या." त्या रात्री ती नीट जेवली नाही.

रात्री उशिरा मला दादाचा निरोप आला. त्यात लिहिले होते, "मी येतो म्हटलं, तर आजी म्हणाली राहू दे. तिचा माझ्यावर अजून राग आहे का गं?"

मी तो निरोप तीनदा वाचला. एकाच फोनवर दोन निराळी संभाषणे झाली होती! आजीच्या कानांनी ऐकले की नातू अडखळला. दादाच्या कानांनी ऐकले की 'येतो' म्हटल्यावर आजीने 'राहू दे' म्हटले. दोघांपैकी कोणीच खोटे बोलत नव्हते. मग मधे झाले काय?

आमच्या शेजारी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि हसून म्हणाले, "दोघांचं भांडण नाही बाळ, पाकिटांचं आहे." मग कागद-पेन्सिल घेऊन त्यांनी मला जे समजावले आणि त्यावर मी जे वाचले, ते येथे माझ्या शब्दांत मांडते.

आधी जुना टेलिफोन पाहू. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८७६ साली टेलिफोनचे पेटंट मिळविले. त्यातली कल्पना सरळ होती. बोलण्याने हवा कापते. त्या कंपनाबरहुकूम तारेतली वीज कमी-जास्त करायची. पलीकडे त्या विजेने पडदा हालवायचा, की तोच आवाज पुन्हा उमटतो. एक्स्चेंजचे काम म्हणजे दोन टोकांच्या तारा जोडून देणे. आजोबा मुंबईला गिरणीत होते तेव्हा आजी पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावीत असे आणि कॉल लागेपर्यंत बाकावर तासन्‌तास बसून राही. पण एकदा लागला की मुंबईपर्यंतचा तो मार्ग तेवढा वेळ तिचाच. काका म्हणाले, "तुम्ही बोला नाहीतर नुसत्या रडा, त्या मार्गावर दुसऱ्याचा हक्क नसे." हा मोठा ऐषआराम होता, म्हणून महागही होता. आपण गप्प बसलो तरी मार्ग अडलेलाच राही.

आवाज इंटरनेटवरून पाठवायचा तर प्रथम त्याचे आकडे करावे लागतात. मला ही गोष्ट बराच वेळ पटेना. आवाजाचे आकडे कसे होणार? तेव्हा काकांनी खाडीचा दाखला दिला. धक्क्यापाशी एक काठी रोवावी आणि दर तासाला पाणी कुठवर आले ते वहीत लिहावे. दिवसभराचे चोवीस आकडे पाहून, खाडी कधी न पाहिलेला मनुष्यही भरती-ओहोटीची रेघ कागदावर काढू शकेल. मधल्या प्रत्येक क्षणाचे माप त्याला लागत नाही. पाणी चढते-उतरते त्या मानाने मापे पुरेशी जवळजवळ घेतली की झाले.

आवाजाची भरती-ओहोटी मात्र फार जलद असते. टेलिफोनसाठी सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपनांपर्यंतचा आवाज पुरेसा धरतात. सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळा माप घेतले तर आवाज पुरा परत मिळतो, असा गणिताचा नियम आहे. म्हणून वरची मर्यादा थोडी वाढवून ४००० धरली आणि तिच्या दुपटीने, म्हणजे सेकंदाला ८००० वेळा माप घ्यायचे ठरले. प्रत्येक माप २५६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवायचे. ते लिहायला ८ बिट लागतात. ८००० गुणिले ८ म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. आवाज असा आकड्यांत मांडण्याच्या पद्धतीचे पेटंट अलेक रीव्हज या इंग्रज इंजिनिअरने १९३८ साली फ्रान्समध्ये घेतले होते. ती व्यवहारात यायला मात्र पुढे ट्रान्झिस्टरचा जन्म व्हावा लागला.

आता हे आकडे पलीकडे न्यायचे. येथे इंटरनेटची रीत जुन्या टेलिफोनहून अगदी निराळी आहे. इंटरनेटवर कोणासाठी मार्ग राखून ठेवीत नाहीत. जे पाठवायचे त्याचे लहान-लहान तुकडे करतात, प्रत्येक तुकडा एका पाकिटात घालतात, पाकिटावर पत्ता लिहितात आणि सोडून देतात. वाटेतली यंत्रे, ज्यांना राउटर म्हणतात, ती फक्त पत्ता वाचतात आणि पाकीट पुढच्या नाक्याकडे ढकलतात. आत आजीचा आवाज आहे की कोणाच्या लग्नाचा फोटो, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. माहितीचे असे तुकडे करून पाठविण्याची कल्पना अमेरिकेत पॉल बॅरन यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मांडली आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६५ साली स्वतंत्रपणे मांडली. 'पॅकेट' हे नाव डेव्हिस यांचे. हे तुकडे कसे बांधायचे आणि पत्ता कसा लिहायचा याच्या ठरलेल्या नियमांना इंटरनेट प्रोटोकॉल म्हणतात.

आवाजाचे पाकीट बहुधा २० मिलिसेकंदांचे असते. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. त्या हिशेबाने दर सेकंदाच्या बोलण्याची ५० पाकिटे होतात! आजी 'गणपतीला येतोयस ना रे' म्हणते तेवढ्यात सत्तर-ऐंशी पाकिटे फोनमधून बाहेर पडलेली असतात. वर सांगितलेल्या पद्धतीने प्रत्येक पाकिटात १६० बाइट आवाज असतो, म्हणजे १६० मापे. शिवाय नेहमीच्या पद्धतीत ४० बाइटांचा पत्ता: कोणाकडून कोणाकडे, त्या यंत्रातल्या कोणत्या कामासाठी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाकिटाचा अनुक्रमांक आणि वेळेची खूण. हे अनुक्रम नसते तर 'येतो' आणि 'नाही' यांची सरमिसळ व्हायला वेळ लागली नसती. अलीकडे आवाज दाबून लहान करण्याच्या उत्तम पद्धती आहेत. ओपस नावाची एक पद्धत २०१२ साली प्रमाण म्हणून मान्य झाली. तिने सेकंदाला २४,००० बिटांत चांगला आवाज जातो. मग पाकिटात मजकूर ६० बाइट आणि पत्ता ४० बाइट, असा प्रकार होतो.

अशा रीतीने आवाज पाठविण्याचा प्रयोग फार जुना आहे, हे वाचून मी चकित झाले. ऑगस्ट १९७४ मध्ये, आजच्या इंटरनेटची पूर्वज असलेल्या अर्पानेट या जाळ्यावरून, कॅलिफोर्नियातील एक संस्था आणि मॅसॅच्युसेट्समधील लिंकन प्रयोगशाळा यांच्यामध्ये पाकिटांतून संभाषण झाले. या कामात डॅनी कोहेन हे प्रमुख होते. त्या मंडळींना जो धडा मिळाला, तो या साऱ्या विषयाचा गाभा आहे.

पत्र किंवा पुस्तक पाठवायचे असेल तर एकही अक्षर गहाळ होऊन चालत नाही. म्हणून त्यासाठी अशी व्यवस्था असते की, एखादे पाकीट पोचले नाही तर ते पुन्हा मागवायचे आणि ते येईपर्यंत पुढची अडवून ठेवायची. थोडा उशीर झाला तरी बिघडत नाही. पण बोलण्यात हीच सावधगिरी घातक ठरते. हरवलेले पाकीट पुन्हा मागवून येईपर्यंत वाक्य पुढे गेलेले असते. आपण आरतीला उभे असतो तेव्हा एखाद्याची टाळी चुकली तर तो ती मागाहून भरून काढीत बसत नाही. पुढच्या टाळीला सामील होतो. भरून काढू पाहील तर सगळ्यांचाच ठेका बिघडवील. बोलण्याचेही तसेच आहे. उशिरा आलेले पाकीट आणि हरवलेले पाकीट यांत काही भेद नाही. दोन्ही सारखीच निरुपयोगी. म्हणूनच १९७८ साली जाळ्याच्या नियमांची दोन भागांत विभागणी झाली: पत्त्यानुसार पाकीट पुढे नेण्याचे काम निराळे आणि हरवलेले पुन्हा मागविण्याचे काम निराळे. या विभागणीमागे आवाजाची निकड हे एक मोठे कारण होते. १९८० साली ज्याला यूडीपी म्हणतात तो साधा नियम आला: पाकीट सोडा आणि विसरा. आवाज मुख्यतः त्याच वाटेने जातो.

कोणी विचारील, मग घंटा कशी वाजते? तिची व्यवस्था अलग आहे. आपला फोन इंटरनेटला जोडला की कुठल्यातरी सर्व्हरला 'मी अमुक ठिकाणी आहे' असे कळवून ठेवतो. दादाने माझे नाव दाबले की त्याचा फोन त्या सर्व्हरकडे निमंत्रण धाडतो. सर्व्हर ते माझ्याकडे पोचवितो. माझा फोन वाजू लागतो आणि 'वाजत आहे' असा उलट निरोप जातो. तो मिळाल्यावर दादाला जी घंटा ऐकू येते, ती बहुधा त्याचाच फोन त्याच्या समाधानासाठी वाजवीत असतो! मी फोन उचलला की आवाज कोणत्या पद्धतीने दाबायचा आणि पाकिटे कोणत्या पत्त्यावर टाकायची, हे दोन्ही यंत्रे आपसात ठरवितात. या बोलणीसाठी सिप नावाची नियमावली १९९९ साली प्रसिद्ध झाली. मोबाईलमधल्या निरनिराळ्या सेवा आपापल्या पद्धती वापरतात, पण तत्त्व हेच.

आता पाकिटे निघाली. दर २० मिलिसेकंदांनी एक, अशी अगदी शिस्तीत. पण पोचतात मात्र बेशिस्त. आपल्या एसटीचा अनुभव आठवावा. गाड्या डेपोतून अर्ध्या-अर्ध्या तासाने सुटतात. घाटात कुठेतरी अडकतात आणि मग आपल्या थांब्यावर तासभर एकही येत नाही, नंतर तीन एकदम येतात. पाकिटांचेही तेच होते. ती आली तशी वाजवली तर आवाज कधी थांबेल, कधी धावेल. यावर उपाय म्हणून ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये एक लहानशी टाकी असते. तिला जिटर बफर म्हणतात. नळाला पाणी केव्हाही येवो, टाकी भरलेली असली की घरात धार सारखी पडते. तशी ही टाकी पाकिटे काही क्षण साठविते, अनुक्रमांकाने लावते आणि संथपणे वाजवीत राहते. टाकीतही वेळेवर न आलेल्या पाकिटाची जागा मागच्या आवाजाची शेपटी किंचित लांबवून भरून काढतात. शंभरात एखादे पाकीट असे गेले तर आपल्याला सहसा कळतसुद्धा नाही.

पण मित्रहो, फुकट काही मिळत नाही. टाकी मोठी केली तर आवाज तुटत नाही, मात्र उशीर वाढतो. लहान केली तर उशीर घटतो, मात्र आवाज तुटतो. जाळे जितके बेभरवशाचे, तितकी टाकी मोठी ठेवावी लागते. म्हणजे आवाज स्वच्छ ऐकू आला याचा अर्थ तो वेळेवर आला असा होत नाही. आमच्या घरी नेमका हाच घोटाळा झाला. आवाज खणखणीत होता, त्यामुळे फोनवर संशय घ्यावा असे कोणाला सुचलेच नाही. संशय माणसावर गेला.

उशिराचा हिशेब आता मांडता येतो. जमिनीवरच्या काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. १०,००० किलोमीटरला ५० मिलिसेकंद. हे फार नाही. पण भर समुद्रात काचतंतू कुठला? दादाच्या जहाजाचे इंटरनेट उपग्रहावरून येते, आणि तो उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. त्या उंचीवरचा उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने आकाशात स्थिर दिसतो. संदेश पाठवायला त्याचा उपयोग होईल हे आर्थर क्लार्क यांनी १९४५ सालीच लिहून ठेवले होते. तेथवर जाणे आणि खाली येणे म्हणजे किमान ७२,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेही त्याला सुमारे २४० मिलिसेकंद लागतात. यात कोणत्याही कंपनीला काही करता येत नाही. तो निसर्गाचा नियम आहे. यावर आवाजाची पाकिटे करण्याचा वेळ, जहाजावरच्या सगळ्यांत मिळून वाटलेल्या उपग्रहाच्या मार्गावर आपली पाळी येण्याचा वेळ, जमिनीवरच्या केंद्रापासून आमच्या गावापर्यंतचा वेळ आणि शेवटी टाकीतला वेळ. एका बाजूने जायलाच सुमारे अर्धा सेकंद! आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे की, एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बोलणे सहज होते आणि ४०० च्या पुढे तो जाऊ देऊ नये.

काकांच्या सांगण्यावरून मी एक प्रयोग केला. तो कोणालाही करता येईल. घरात आई आणि मी समोरासमोर बसून आळीपाळीने एक ते वीस आकडे म्हटले: मी एक, आई दोन, मी तीन, आई चार. सुमारे १० सेकंद लागले. मग दादाचा फोन आला तेव्हा त्याच्याबरोबर तसेच म्हटले. २१ सेकंद लागले. वाढलेले ११ सेकंद हे दहा जाण्या-येण्यांचे. म्हणजे आमचा शब्द जाऊन त्याचा परत यायला सुमारे १.१ सेकंद जास्त लागत होता.

एका सेकंदाने काय होते? पुष्कळ होते. २००९ साली जगातल्या दहा भाषांमधील संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचे उत्तर सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास असते, असे त्यात आढळले. म्हणजे पापणी लवायला लागतो साधारण तेवढाच वेळ. याहून जास्त शांतता पडली की आपले मन ताबडतोब तिचा अर्थ लावू लागते: हा कचरतोय, हिला पटलेले नाही, याला टाळायचे आहे. २०१४ साली जर्मन संशोधकांनी टेलिफोनमध्ये मुद्दाम उशीर घालून पाहिले. बोलणाऱ्यांनी यंत्राला दोष न देता पलीकडच्या माणसालाच कमी लक्ष देणारा, कमी आपुलकीचा ठरविले. तो लेख वाचताना मला आजीचा उतरलेला चेहरा दिसत होता.

आता त्या संध्याकाळचा फोन घड्याळ लावून पुन्हा पाहू. आजीचा प्रश्न संपला तो शून्य सेकंद धरा. अर्ध्या सेकंदाने तो दादाला ऐकू आला. दादाने क्षणाचाही विलंब न लावता, म्हणजे ०.७ सेकंदाला, उत्तर दिले: "हो, येतोय की!" ते आजीपाशी पोचायला १.२ सेकंद उजाडणार होते. पण आजीच्या मनाने तोवर शांततेचा अर्थ लावला होता आणि ०.९ सेकंदाला ती बोलू लागली: "नसेल जमत तर राहू दे हो." दादाचे 'येतोय' तिच्या स्वतःच्या आवाजाखाली दबले. त्यात आमचा फोन स्पीकरवर. स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमधून परत जाऊन प्रतिध्वनी होऊ नये म्हणून फोन तो वजा करीत असतो. दोघे एकदम बोलले की त्याचा गोंधळ उडतो आणि पुष्कळदा एकाचा आवाज तुटतो. आम्हाला जे तुटक ऐकू आले, ते दादाचे 'हो' होते.

आणि दादाच्या बाजूने? त्याने ०.७ सेकंदाला 'येतोय' म्हणायला सुरुवात केली आणि १.४ सेकंदाला, त्याचे वाक्य संपते न संपते तोच, आजीचे शब्द आले: "नसेल जमत तर राहू दे हो." त्याच्या घड्याळाप्रमाणे ते त्याच्या होकाराचे उत्तर होते. आजोबांच्या वेळी न येऊ शकलेल्या नातवाला त्यातून काय वाटले असेल, ते 'बरं, बघतो' या दोन शब्दांत आले.

मी हा सारा हिशेब कागदावर काढून आजीला दाखविला. मिलिसेकंद तिला कळले नाहीत. पण दादाचा निरोप वाचून दाखविला तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे तो हो म्हणाला होता?" मी म्हटले, "लगेच म्हणाला होता. ऐकू उशिरा आलं." तिने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "लाव त्याला फोन."

तेव्हापासून आमच्या घरात एक नवी पद्धत पडली आहे. जुने बिनतारी यंत्रवाले आपले बोलणे संपले की 'ओव्हर' म्हणत. आजी वाक्य संपले की 'बोल' म्हणते आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून बसते. तिचे बोट काढेपर्यंत कोणी हूं की चूं करायचे नाही. दादाही तिकडून 'बोल' म्हणतो. काकांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्याही सांगून ठेवते. महत्त्वाचे बोलायचे असेल तेव्हा स्पीकर बंद करून फोन कानाला लावावा; आणि 'ऐकू येतंय ना?' याला उत्तर यायला वेळ लागला तर पुन्हा पुन्हा तेच विचारू नये, कारण मग प्रश्नांची आणि उत्तरांची पाकिटे वाटेत एकमेकांना ओलांडत राहतात.

ही गोष्ट केवळ बोटीवरच्यांच्या घरांची आहे असे मात्र समजू नये. १९९५ साली एका इस्रायली कंपनीने संगणकावरून बोलण्याचे सॉफ्टवेअर बाजारात आणले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. आपल्याकडे इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली. २००३ साली आलेल्या स्काइपने परदेशी गेलेल्या मुलांचे आवाज कितीतरी घरांत आणले. ती सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली, पण तिच्यासारख्या आणखी आल्या. फार कशाला, २०१६ पासून देशभर पसरलेल्या फोर-जी जाळ्यावर साधा नंबर लावून केलेला फोनसुद्धा पाकिटांतूनच जातो. फक्त तेथे कंपनी आवाजाच्या पाकिटांना रांगेत पुढची जागा देते. म्हणजे आज आपण जे जे फोनवर बोलतो, त्यातले बहुतेक कोठे ना कोठे तुकडे होऊन, पत्ते लावून, टाकीत थांबून पोचते. आता अवघ्या ५५० किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या उपग्रहांची इंटरनेट सेवा जहाजांवर येऊ लागली आहे. तेथवर जाऊन-येऊन प्रकाशाला काही मिलिसेकंदच लागतात. दादाच्या पुढच्या जहाजावर ती असली तर आजीला ओठांवर बोट ठेवावे लागणार नाही.

दादा चतुर्थीच्या आदल्या रात्री पोचला. सकाळी मखराची सजावट चालू असता आजीने त्याला विचारले, "आता किती दिवस आहेस रे?" आणि सवयीने 'बोल' म्हणून ओठांवर बोट ठेवले. दादा समोर, हातभर अंतरावर उभा होता. आम्ही सगळे हसलो. दादा मात्र हसला नाही. तोही सवयीने एक क्षण थांबला आणि मग म्हणाला, "दोन महिने, आजी."

त्या दिवसापासून मी एक शिकले. समोरचा माणूस गप्प राहिला तर त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ लावण्याआधी एक सेकंद थांबावे. कदाचित त्याचा होकार वाटेतच असेल.